नारळापासून एक हात

परकार मॅडमनी टेबलावर नारळ ठेवला,
सोललेला, शेंडी राखून.
ही पृथ्वी.
मग पाच पावलं चालत दाराशी गेल्या,
उंबऱ्यावर सुपारी ठेवली. हा चंद्र.
आणि आज रात्री येतोय तो
नारळापासून एक हातावरून जाईल.
त्याच्या जागी त्यांनी काहीच ठेवलं नाही.
इतकं बारीक आपल्या बाजारात मिळत नाही, म्हणाल्या.

हे सेजलने मला जेवताना सांगितलं,
भाकरीचा तुकडा हातभर लांब धरून.

आहे केवढा?
दहा मीटर. गोलसर.
दगडच ना?
दगडच.

चिरेखाणीवर अठरा वर्षं काढलीत मी.
दगडाचं माप कानावर पडलं
की डोकं आपोआप चालू होतं:
चौदा इंच, नऊ इंच, सात इंच,
छत्तीस हजार चिरे.
निम्मा माल फुटणार, भुगा होणार.
धरा अठरा हजार.
म्हणजे तीन घरं,
जोत्यापासून वळचणीपर्यंत,
कुणाच्याच नावावर नसलेली,
आमच्या सड्यावरून जाणार
रात्री दोन चाळीसला.

माझं घर सहा वर्षं जोत्यावर थांबलंय.
मी कापलेल्या चिऱ्यांचे बंगले
आंबोळगडला समुद्राकडे तोंड करून उभे आहेत,
कुलूप लावून.
रडगाणं नाही हे.
खाणीतला माणूस चिरा मोजतो,
ठेवत नाही.

पडला असता तर, वनिताने मांगरातून विचारलं.
मोठा आवाज झाला असता, सेजल म्हणाली,
खिडक्यांच्या काचा फुटल्या असत्या.
आपल्याकडं काचा हायत कुठं, म्हणाली वनिता
आणि कांबळं ओढून झोपली.

माघातला सडा.
वरून वारा बोचरा,
पण कातळाने दुपारची ऊब अजून सोडली नव्हती,
पाठ टेकल्यावर कळलं.
मॅडम, त्यांची दुर्बीण, मोहल्ल्यातली दोन पोरं,
थर्मासमधला चहा.
जैतापूरच्या दिव्याची फेरी येई आणि जाई.
शेजारी कातळात खोदलेला मासा,
कुणी, कधी, आम्हांला ठाऊक नाही.
मागच्या वर्षी खाण त्याच्या शेपटीशी आली
तेव्हा मी पातं बंद केलं होतं.
मुकादमाने कारण विचारलं.
मला ते सांगता आलं नाही.

दिसणार नाही, हे मॅडमनी आधीच सांगितलेलं.
दुर्बीण लहान, दगड काळा.
चार दिवसांपूर्वी सापडलाय फक्त.
नाव नाही. साल, दोन अक्षरं, आकडा,
आमच्या खेपेच्या पावतीवर असतो तसा.

दोन एकोणचाळीस.
चाळीस.
कुणीतरी शिंकलं.
टिटवी ओरडली, पण ती रोजच ओरडते.
एक्केचाळीस.
मी वर बघत होतो,
तीन घरं शोधत,
आणि काळोखात इतकी जागा होती
की माझा हिशोब मलाच
कुठेतरी सांडल्यासारखा वाटला.

गेला, मॅडम म्हणाल्या.
पोरांनी उगाचच टाळ्या वाजवल्या.

परतताना सेजलने विचारलं, परत कधी?
नक्की नाही सांगता येत.
जवळून गेला ना, म्हणाल्या,
पृथ्वीने त्याची वाट जरा वाकवली.
आला होता त्या वाटेने
आता तो जात नाहीये.

न शिवता?
न शिवता.

सकाळी सातला पातं लावलं.
पहिल्याच चिऱ्याची एक कड तिरकी आली.
झोप नाय झाली वाटतं, मुकादम म्हणाला.
चिरा उचलून मी बाजूला ठेवला.
ट्रक भरून गेला, पावती फाडली,
तो तिथेच होता.

संध्याकाळी खांद्यावर घेतला.
सात-आठ मिनिटांची वाट आहे जोत्यापर्यंत.
जड होता.